पाला जरा कापून घेऊन आलो

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळची वेळ आहे. गॅसवर काही असेल तर बारीक करून बसा, कारण मला आज एक गोष्ट सावकाश सांगायची आहे.

विषय आहे भाषाविज्ञानाच्या परिषदा. नाव जड आहे, काम तसं साधं. ठिकठिकाणची माणसं एका सभागृहात जमतात. कुणी कुठली बोली ऐकली, तिच्यात काय सापडलं, ते वीस मिनिटांत सांगतात. दहा मिनिटं प्रश्नोत्तरं होतात, मग चहा. माझी गोष्ट या चहाच्या वेळची आहे. पण तिच्याआधी दोन परिषदा सांगते, कारण त्यांच्याशिवाय ती कळायची नाही.

पहिली व्हिएन्नाची, साल 1886. प्राच्यविद्येच्या, म्हणजे पूर्वेकडच्या देशांच्या भाषा-साहित्याच्या, अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद होती. आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून एवढा प्रवास करून तिथं गेले होते. त्याच परिषदेत जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपला निबंध वाचला. मूळचे आयर्लंडचे, बिहारात सरकारी नोकरीत. हिंदुस्थानातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी असा ठराव परिषदेनं केला. 1894 साली काम सुरू झालं आणि पुढं तीसेक वर्षं चाललं. त्यात 179 भाषा आणि 544 बोली नोंदल्या गेल्या. मराठीचा खंड, सातवा खंड, 1905 साली छापून आला. एका परिषदेतल्या एका ठरावातून हे एवढं काम उभं राहिलं. म्हणून मी परिषदांना कमी लेखत नाही.

पाहणीची रीत अशी होती. बायबलातली उधळ्या मुलाची, बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या मुलाची, गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायची आणि तिथल्या बोलीत उतरवून घ्यायची. इथल्या लोकांना खटकतील तेवढे शब्द बदलले होते. गोष्ट निवडली ती विचारानं. तिच्यात मी, तू, तो येतात, बहुतेक विभक्त्या येतात, तिन्ही काळ येतात. मला मात्र ती वाचताना दर वेळी एक गोष्ट जाणवते. त्या कथेत बाप आहे, दोन मुलगे आहेत, गडीमाणसं आहेत. आई नाही. बोलणारी बाई एकही नाही. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो. बोलणारी बाई एकही नाही.

दुसरी परिषद जमैकाची. एप्रिल 1968, वेस्ट इंडीज विद्यापीठ, मोना. भाषा एकमेकींत मिसळतात तेव्हा काय होतं, हा तिचा विषय. या परिषदेवरून 1971 साली जे पुस्तक निघालं, त्यात जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांचा एक लेख आहे. आणि तो कुठला? कुपवाडचा. आपल्या सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. तेव्हा ते तीनेक हजार वस्तीचं गाव होतं. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, काही घरांत मराठी, थोड्या घरांत तेलुगू. आणि चावडीवर, बांधावर, एकमेकांशी बोलताना मराठी. शेकडो वर्षं ही माणसं शेजारी शेजारी राहिली. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याचा सांगाडा एकच झाला.

त्या लेखातलं एक वाक्य जगभरच्या वर्गांत शिकवलं जातं. मराठीत, 'पाला जरा कापून घेऊन आलो.' तिथल्या उर्दूत, 'पाला जरा काट के ले के आया.' आणि कानडीतही तोच क्रम, एकेका शब्दाखाली शब्द ठेवावा असा. पुन्हा सांगते: पाला, जरा, कापून, घेऊन, आलो.

कुपवाडच्या उर्दूनं मराठीकडून आणखी एक गोष्ट घेतली. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक. 'आम्ही जेवलो' म्हटलं की समोरचा उपाशी. 'आपण जेवलो' म्हटलं की तोही पंगतीत. केवढी सोय आहे ही! आणि हल्ली सूत्रसंचालक सरसकट 'आपण' म्हणतात. 'आपण हा कार्यक्रम घेऊन आलो आहोत.' अहो, तुम्ही आलात. श्रोता कुठं आला? तिथं 'आम्ही'च हवं. दुसऱ्या भाषेनं आपल्याकडून मागून नेलेली वस्तू आपण घरात हरवू नये, एवढं मला मनापासून वाटतं. असो.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी अशाच एका परिषदेला मी गेले होते. भाषा आणि संस्कृती असा विषय होता. दुपारचं सत्र लांबलं होतं. उत्तरेकडून आलेला एक तरुण संशोधक पडद्यावर हेच कुपवाडचं वाक्य दाखवत होता. तयारी चांगली होती त्याची. प्रत्येक शब्दाखाली त्याची फोड: कर्म, क्रियाविशेषण, 'ऊन'चं रूप. 'आलो'पाशी आल्यावर त्यानं सांगितलं, प्रथमपुरुष, एकवचन, पुल्लिंगी. म्हणजे बोलणारा पुरुष. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मी नाशिकला वाढले, माझ्या कानाला 'आलो' म्हणजे पुरुषच.

मी मागच्या रांगेत, दाराला लागून बसले होते. दारात चहाचा ट्रे घेऊन एक मावशी उभ्या होत्या. सत्र संपेना, त्यामुळे त्यांना आत येता येईना. कपांवर बशा पालथ्या घातलेल्या, चहा निवू नये म्हणून. त्या पडद्याकडं बघत नव्हत्या, ऐकत होत्या. त्या तरुणानं पुन्हा ते वाक्य म्हटलं आणि या अगदी हळू मला म्हणाल्या,

"बाई, शेरडाला का?"

मला कळेना. म्हटलं, "काय मावशी?"

"पाला वो. शेरडाला नेला न्हवं?"

त्यांचं माहेर मिरजेकडचं निघालं. तिथं पानमळे आहेत. विड्याच्या पानांचा वेल चढवायला शेवरी लावतात, शेवगा लावतात. त्या शेवरीचा पाला कापून शेरडांना घालायचा, हे घरातलं रोजचं काम. इंग्रजीत त्या वाक्याचं भाषांतर वाचलं की डोळ्यांसमोर पालेभाजीची जुडी येते. मावशींच्या डोळ्यांसमोर दावणीची शेळी आली.

मी विचारलं, "मग हा पाला आणणारा गडी कोण असेल?"

तर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "गडी कशाला? गडी कुठं जातोय पाल्याला? मीच जात हुतो. इळा घेतला की निघालो. मीच कापून घेऊन आलो की."

मीच जात हुतो. मीच घेऊन आलो.

श्रोतेहो, सांगली-कोल्हापूरकडची मंडळी आत्ता म्हणत असतील, यात नवल काय? तिकडं बायका 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात. जुनी, सरळ रीत आहे ती. आणि शेजारच्या कानडीत 'मी आले' आणि 'मी आलो' यांना क्रियापद एकच: 'बंदे'. बाईनं म्हणा, पुरुषानं म्हणा. पण त्या सभागृहात चाळीसेक माणसं होती आणि ते वाक्य बाईच्या तोंडचं असू शकतं, असं एकानंही म्हटलं नव्हतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तसा मी हात वर केला. म्हटलं, प्रश्न माझा नाही, या मावशींचा आहे, त्यांना बोलू द्या. अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. वेळ संपली होती. वेळ संपली, हे मला मान्य आहे. पण सकाळी सत्कार, दीपप्रज्वलन आणि शालींवर पाऊण तास गेला होता, तो कुणी मोजला नव्हता. परिषदेत वाचवायचा असेल तर तो वेळ वाचवावा. आणि चहाची सुट्टी वाढवावी, हे मी प्रत्येक आयोजकाला सांगत आलेय.

कारण पुढचं सगळं चहाच्या सुट्टीत घडलं. तो तरुण स्वतः आमच्याकडं आला. कागदाची चळत बाजूला ठेवून जिन्याच्या पायरीवर बसला, मावशी वरच्या पायरीवर. तो मोडकी मराठी बोलत होता, त्या त्याला समजेल असं हळूहळू सांगत होत्या. घरात आईशी कानडी. दारात मराठी. पलीकडच्या घरातल्या मुसलमान मैत्रिणीशी दोन्ही. त्यानं विचारलं, लग्न होऊन इकडं आल्यावर 'आलो' म्हणता का? मावशी थोड्या थांबल्या. म्हणाल्या, सुनेच्या मैत्रिणी हसतात, म्हणून चारचौघांत 'आले' म्हणते. माहेरी पाऊल टाकलं की आपोआप 'आलो' येतं.

त्यानं आपला कागद काढला. 'पुल्लिंगी' या शब्दाभोवती गोल केला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. मग विचारलं, शेवरी म्हणजे कसं झाड? मावशींनी हवेत बोटानं काढून दाखवलं. बारीक पान, दोन्हीकडं ओळीनं, चिंचेच्या पानासारखं.

परिषदेला बोलीचा जाणकार बोलावतात, तसा बोली बोलणाराही बोलवावा. त्यालाही प्रवासखर्च द्यावा आणि व्यासपीठावर खुर्ची द्यावी. आणि बोलणाऱ्यांत बाया असाव्यात. कारण शंभर वर्षांपूर्वीच्या त्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत आई नव्हती, आणि आमच्या पडद्यावरही आम्ही तिला पाहिलं नव्हतं.

पुढच्या सत्राची घंटा झाली. मावशींनी रिकामे कप एकात एक बसवले, ट्रे कमरेला लावला आणि उठल्या. पायऱ्या उतरताना मागं वळून मला म्हणाल्या, "येतो बाई."

त्या तरुणानं तेही लिहून घेतलं.

नमस्कार.