ठोका संपल्यावर ऐकू येणारा धातू

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. संध्याकाळ. यंत्रमागांचा खडखडाट, मग एकेक शेड बंद होत जाते.]

माग थांबले की ही गल्ली एकदम मोकळी वाटते. दिवसा इथं शेजारच्याशी बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो. आम्ही रात्र होण्याची वाट बघत होतो. चार धातूंचे चार ड्रम ऐकायचे होते, आणि त्यांच्यातला फरक इतका बारीक, की गल्लीत एक माग जरी चालू राहिला तरी तो त्यात बुडाला असता.

शेड रिकामी होती, वर पत्रा. टाळी वाजवली की ती छताला लागून दोन-तीनदा परत यायची. मग भिंतींवर चादरी टांगल्या. सोलापुरात चादरींना काय तोटा! अकरावी चादर लागली तेव्हा टाळी एकदाच ऐकू आली.

[दृश्य: चार ड्रम ओळीनं मांडलेले. कॅमेरा एकेका शेलवरून, म्हणजे ड्रमच्या गोल धातूच्या अंगावरून, सरकतो.]

हे चार स्नेअर. बँडवाले यालाच साइड ड्रम म्हणतात. चारही 14 इंच रुंद, 5 इंच खोल. पहिला पोलादी, लग्नाच्या वरातीत वाजलेला. दुसरा पितळी, ऑर्केस्ट्रातल्या एका दादांचा. तिसरा अ‍ॅल्युमिनियमचा, आमच्याकडचा. आणि तांब्याचा चौथा पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं आला, एका मित्राच्या मांडीवर बसून.

स्वयंपाकघरात भांडं पडलं, तर आई बाहेरच्या खोलीतूनच सांगते, कुठलं पडलं ते. स्टीलचं ताट किणकिणत राहतं. पितळेचा डबा घुमतो. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं आपटलं की बद्द वाजून गप्प होतं. त्यामुळे आपल्याला वाटतं, ड्रमही तसाच ओळखू येईल. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

पण भांड्यावर मार थेट धातूला बसतो. ड्रममध्ये तो पानाला, म्हणजे तोंडावर ताणलेल्या पडद्याला, बसतो. वरचं पान आत दाबलं जातं, आतली हवा खालच्या पानाला ढकलते आणि त्या पानाला टेकलेल्या तारा थरथरतात. स्नेअरचा तो खास ‘चर्र’ त्या तारांचा. वरचं पान साधारण पाव मिलिमीटर जाड असतं, खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच. या सगळ्या हालचालीत धातूचा शेल दोन्ही पानं ताणून धरून उभा असतो. आवाजाचा मोठा वाटा पानांचा, ताणाचा आणि तारांचा. धातूचा वाटा आहे, पण तो त्यांच्या मागून येतो.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. पहिली रात्र वाया गेली, तेव्हा शिकलो.

[आवाज: पोलादी ड्रम, पहिली रात्र. दहा ठोके. दबलेले.]

ऐकलंत? पोलाद असं दबून वाजत नाही. पण त्या रात्री आम्ही वहीत लिहूनही टाकलं, ‘पोलाद मंद, पितळ त्याहून मोकळं’. दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रातले दादा आले. त्यांनी ड्रम हातात घेतला आणि वाजवण्याआधी उलटा केला. खालच्या 20 तारांपैकी दोन वाकलेल्या होत्या, आणि खालचं पान जुनं, मधोमध सैल पडलेलं. आम्ही रात्रभर जे पोलाद म्हणून ऐकलं, ते एक थकलेलं पान होतं. सगळं रेकॉर्डिंग टाकून दिलं.

मग चारही ड्रमना एकाच जातीची नवी पानं, नव्या तारा. पान दाबून धरणारी वरची रिंग सगळ्यांना सारखी. प्रत्येक बोल्टजवळ बोटानं टिचकी मारत, चावी थोडी थोडी फिरवत, चारही एका सुराला आणले. यालाच दोन तास गेले. त्या दोन तासांत दादा एकच गोष्ट परत परत सांगत होते: एक बोल्ट आवळला की आधी त्याच्या समोरचा आवळायचा, शेजारचा नाही. ताशाची दोरी खेचणाऱ्यालाही हे कळतं, पान एका बाजूला ओढलं गेलं की सूर फाटतो.

[आवाज: पोलाद. दहा ठोके.]

हे खरं पोलाद. उजळ, धारदार. ठोका थांबल्यावरही वरचा एक चिरका सूर बराच वेळ तरंगत राहतो. पोलादाचा ताठपणा पितळेच्या जवळपास दुप्पट, तो शेल सहसा दबत नाही. वरातीत ट्रम्पेटच्या गर्दीतून वाट काढायला हा सूर कामाचा. छोट्या खोलीत मात्र तो कानाला टोचतो. दादांनी वर टॉवेल टाकला, सोलापुरीच, आणि तो सूर गेला. तारांचा चर्र मात्र तसाच राहिला.

[आवाज: पितळ.]

पितळही उजळच, पण खाली अंग जास्त. तांबं आणि जस्त यांचा हा मिश्रधातू पोलादापेक्षा थोडा जडच असतो. 1920 च्या दशकात शिकागोच्या लुडविग कंपनीनं पितळेच्या शेलवर काळा मुलामा देऊन, नक्षी कोरून ड्रम केले. त्यांना ‘ब्लॅक ब्युटी’ म्हणतात, आणि आजही ड्रमर त्यांचं नाव काढतात.

[आवाज: अ‍ॅल्युमिनियम.]

माझा कान इथं अडकला. आठवतंय ना, जर्मनचं पातेलं, बद्द वाजून गप्प होणारं? मला वाटलं होतं, हा चौघांत सर्वांत गरीब निघेल. धातूच मुळात हलका: एका घन सेंटिमीटरला अ‍ॅल्युमिनियम 2.7 ग्रॅम, पोलाद 7.8 च्या आसपास, तांबं जवळजवळ 9. पण ऐका. ठोका स्वच्छ उमटतो आणि वेळेवर संपतो. पुढच्या ठोक्यासाठी जागा सोडतो. भराभर वाजवलं तर प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, जात्यातून पडणाऱ्या दाण्यासारखा. लुडविगचा 1960 च्या दशकातला सुप्राफोनिक नावाचा स्नेअर याच धातूचा, वरून क्रोमचा मुलामा दिलेला. अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही. म्हणून ते जुने ड्रम पाहाल तर शेलवर फोड आणि पोपडे दिसतात. लेड झेपलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बोनम साडेसहा इंच खोल सुप्राफोनिक वाजवायचा. पोपडे आले म्हणून तो आवाज कोणी सोडला नाही.

[आवाज: तांबं. हलक्या हातानं.]

आणि तांबं. जोरात वाजवलं तेव्हा मला यात विशेष काही दिसलं नाही, उलट थोडं बुजल्यासारखंच वाटलं. मग दादांनी हात हलका केला. स्टिक पानावर जेमतेम टेकत होती. चौघांत सर्वांत गडद, मऊ आवाज. रेकॉर्डिंग ऐकायला आलेला गल्लीतला एक ताशेवाला पोरगा पुढे सरकला. जुन्या ताशांचं भांडं तांब्याचं असायचं. त्यानं शेलवर नुसता हात ठेवला आणि म्हणाला, “हे आमचंच आहे की.” ताशाचं भांडं खालून बंद, त्याला तारा नाहीत, त्यामुळे दोघांचं वाजणं वेगळं. तरी तो म्हणतो ते मला खोटं वाटत नाही.

[दृश्य: दादा पाठमोरे बसलेले. मागे ड्रम बदलले जातात.]

शेवटी दादांना पाठ करून बसवलं. वाजवायला तो पोरगा. सगळं गुपचूप बदलत गेलो. पानाच्या मध्यावर जोरदार ठोका बसला की दादा पोलाद आणि पितळ यांत चुकले, एकदा नाही, तीनदा. अ‍ॅल्युमिनियम एकदाही चुकले नाहीत. हलक्या हातानं वाजवलं की चारही बरोबर ओळखले. आणि रिमशॉट, म्हणजे स्टिक पानावर आणि रिंगवर एकाच वेळी मारली, की विचार करायलाही थांबले नाहीत. रिंग बोल्टांनी शेलला बांधलेली, तो मार सरळ धातूत उतरतो. आईच्या कानाला जे ऐकू येतं, ते इथं ऐकू आलं.

[दृश्य: पहाट. शेडबाहेरचा मोकळा रस्ता.]

उजाडताना चारही बाहेर आणले. ना चादरी, ना भिंती. पन्नास पावलांवरून मला चौघांत काही फरक कळेना. गड्ड्याच्या यात्रेत, गणपतीच्या मिरवणुकीत, लेझीमच्या ठेक्यावर उभं राहून कोणता धातू आहे हे कुणी विचारत नाही. तिथं हात आणि पान, एवढंच पोचतं.

संध्याकाळी दादांचा कार्यक्रम होता. कोणता नेणार, विचारलं. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा मागितला. एक तर आवाज आवडला, आणि स्कूटरवर पायाशी ठेवायला हलका. पिशवीत घालण्याआधी त्यांनी तो उलटा केला आणि तारांवरून अंगठा फिरवला.

[आवाज: तारांचा हलका चर्र. मग पहिला माग सुरू होतो.]