वाफसा

नमस्कार श्रोतेहो.

३१ वर्षं मी शाळेत शिकवलं. घंटा झाली की वर्गात जायचं, घंटा झाली की बाहेर यायचं. निवृत्त झाले त्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मी खुरपं घेऊन अंगणात उतरले. चार पावलांत चपलेखाली चिखलाचा थर चढला. कुंपणापलीकडून शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाई, काहून घाई करता जी? वाफसा तं येऊ द्या!"

त्या दिवसापासून माझी घंटा म्हणजे वाफसा, पावसानंतर माती ना फार ओली ना फार कोरडी, कामाजोगी होते ती वेळ.

नागपूरची काळी माती ज्यांच्या दारात आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ओली असताना हात लावला तर तिची ढेकळं होतात आणि वाळली की खुरपं टणकन उडतं. मधले दोन-तीन दिवस काय ते आपले. ते ओळखायचं कसं, हेही आजींनीच शिकवलं. मूठभर माती घेऊन दाबायची. लाडू वळला, हाताला चिकटला नाही आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर वाफसा आला. मग मात्र स्वयंपाक थोडा मागे पडला तरी चालतो. आमच्याकडे हे वरण-भाताचा कुकर लावून देतात आणि मला कुंपणाकडून हाक मारतात.

या मातीचं मला फार कौतुक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, तेव्हा अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूर्वी त्या पाहून जीव कळवळायचा. आता कळतं, की वरची भुरभुरीत माती त्या भेगांत पडत असते. पाऊस आला की माती फुगते, भेगा मिटतात आणि खालची माती हळूहळू वर ढकलली जाते. माणूस कूलरसमोर बसलेला असतो आणि अंगण आपलं आपणच नांगरून घेत असतं! (कूलरवरून आठवलं, त्याच्या टाकीत उरलेलं पाणी कुंड्यांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्या पाण्यानं ओटा धुवावा.)

आता निंदणाचं. गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटायचं, तेही हातमोजे घालून. त्यात दुसरा विचार नाही. लव्हाळा मात्र निवांत वेळ मागतो. वरून कापला की आठ दिवसांत पुन्हा उभा, कारण त्याचं सगळं बळ जमिनीखालच्या गाठींत असतं. एक गाठ सापडली की तिला जोडलेला बारीक धागा धरून पुढच्या गाठीपर्यंत जायचं. वाफशावर हे काम इतकं अलगद होतं की दीड तास कुठे गेला कळत नाही. गाठ चुरडली की नागरमोथ्यासारखा वास येतो. तो हाताला दुपारपर्यंत राहतो आणि मला तो आवडतो.

तरोट्याला, म्हणजे टाकळ्याला, मी निंदण म्हणतच नाही. पहिल्या पावसानंतर कुंपणाच्या कडेनं तो वीतभर व्हायच्या आत कोवळा खुडायचा. पानं उकडून पिळून घ्यायची. तेलात ठेचलेला लसूण, वाळल्या मिरच्या आणि भरपूर कांदा परतून त्यात भिजवलेली चण्याची डाळ घालायची, मग तरोटा. सोबत ज्वारीची भाकर. बाजारात शंभर भाज्या असोत, आषाढातल्या या एका भाजीसाठी आमचा मुलगा पुण्याहून फोन करून विचारतो, "आई, तरोटा निघाला का?"

संत्र्याचं एकच झाड आहे, जंबेरीवर डोळा भरलेलं, म्हणजे जंबेरी या आंबट लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बसवून केलेलं कलम. डोळ्याखालून काटेरी फुटवे येतात, ते दिसतील तसे काढते, नाहीतर वर संत्र्याच्या जागी जंबेरी माजते. पाऊसभर बुंध्याशी पाणी साचू देत नाही. काळ्या मातीत पाणी तुंबलं की खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग लागतो. यंदा अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची, बारीक हिरवी फळं धरली आहेत. हे रोज चहाचा कप घेऊन ती मोजतात आणि रोज आकडा वेगळा येतो, कारण काही गळतात, काही पानाआड असतात. काल एकोणतीस होती.

परवा रात्री चांगला पाऊस झाला. काल दिवसभर ऊन होतं. आज इकडे निघण्याआधी मूठभर माती दाबून पाहिली, अजून बोटांना चिकटते आहे.

उद्या सकाळी सहाला पुन्हा पाहीन.

नमस्कार.