भेट देण्यापूर्वी सायकल वाचावी

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिवाळीच्या सुमारास दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखरूप)

सन्माननीय श्रोतेहो,

सायकलस्वारांना आणि भटकंतीची आवड असणाऱ्यांना काय भेट द्यावी, हा विषय संयोजकांनी मला दिला तेव्हा लहान, मध्यम आणि मोठ्या खर्चाची एक यादी सांगावी, अशी त्यांची सूचना होती. ती यादी मी आणली आहे आणि वेळात बसवीनही. परंतु यादीच्या आधी एक आग्रह मांडायचा आहे, कारण तो मनात ठेवला नाही तर उत्तमातली उत्तम यादीसुद्धा निरुपयोगी ठरते. भेट ज्याला द्यायची त्याला ती आवडली पाहिजे हे तर खरेच. पण सायकलस्वाराच्या बाबतीत ती त्याच्या सायकलला बसलीही पाहिजे, आणि ती बसेल की नाही हे दुकानात जाण्यापूर्वी घरच्या व्हरांड्यात, सायकलजवळ दोन मिनिटे उकिडवे बसून, कोणालाही कळू शकते.

आपल्या इंदुरात रविवारी पहाटे राऊ-महूच्या रस्त्याला उभे राहिले, तर डोक्यावर हेल्मेट आणि पाठीमागे लुकलुकणारा लाल दिवा लावलेल्या मंडळींचे जथे पाताळपाणी किंवा जानापावकडे निघालेले दिसतात. नऊच्या सुमारास तीच मंडळी पोहे-जिलबीच्या गाडीभोवती भेटतात. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात असा एक तरी मुलगा, सून, जावई किंवा निवृत्त झालेले काका असतील. पाडवा, भाऊबीज, वाढदिवस जवळ आला की घरात प्रश्न पडतो, आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर बाजारात मिळणाऱ्या तयार खोक्यात शोधले जाते. या खोक्यांविषयी माझी तक्रार आहे आणि ती थोडी विस्ताराने सांगण्याची परवानगी असावी.

माझ्या भाचीला तिच्या कार्यालयातील सहकाऱ्यांनी असेच एक खोके वाढदिवसाला दिले. सहकाऱ्यांचे प्रेम निखळ होते, वर्गणीही सढळ हाताने निघाली होती. खोक्यात सायकलचे चित्र असलेला कप होता, हँडलच्या आकाराची किल्लीसाखळी होती, पोलादी थर्मास होता आणि अ‍ॅल्युमिनिअमचा एक अतिशय देखणा हातपंप होता. थर्मास तिच्या सायकलच्या बाटलीघरात शिरेना. सायकलच्या चौकटीवर बसवलेला तो पिंजरा साधारण ७४ मिलिमीटर जाडीच्या बाटलीसाठी केलेला असतो आणि हा थर्मास त्याहून पुष्कळ जाड होता. तो स्वयंपाकघरात गेला. पंप मात्र तिने विश्वासाने फ्रेमला बांधला आणि घरातला जुना, ओरखडे पडलेला पंप कपाटात ठेवून दिला.

पुढे ती ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला गेली. ज्यांना या प्रकाराची कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे, तर ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पुरे करण्याची परीक्षा आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास मिळतात, आणि हे चारही टप्पे एका हंगामात पुरे करणाऱ्याला सुपर रँडोनर म्हणतात. वाटेत जे बिघडेल ते स्वतः निस्तरायचे, हा त्यातला मूळ नियम आहे. परतीच्या वाटेवर, निमाडातून घाट चढून ती माळव्याच्या पठारावर आली आणि मानपूरच्या अलीकडे काळोखात मागच्या चाकातली हवा गेली. तिने चाक काढले, जवळची नवी ट्यूब घातली, टायर रिमवर बसवला, हे सगळे तिला पाठ आहे. मग पंप लावला. पंपाचे तोंड मोटारसायकलच्या जाड वॉल्व्हसाठीचे होते आणि तिच्या ट्यूबचा वॉल्व्ह होता बारीक, प्रेस्टा जातीचा. कितीही दाबून धरले तरी हवा बाजूने निसटत होती. तिने मला फोन केला आणि म्हणाली, "मामा, पंप आहे, ट्यूब आहे, पण हवा आत जात नाहीये."

सायकल ढकलत ती ट्रकच्या पंक्चरवाल्याकडे पोहोचली. त्या बिचाऱ्याने झोपेतून उठून कॉम्प्रेसर सुरू केला, नळी हातात घेतली, वॉल्व्हकडे पाहिले आणि म्हणाला, "दीदी, ये नोज़ल इसमें नहीं लगेगा." बरोबरच होते, ट्रक, मोटार आणि मोटारसायकल या सर्वांचा वॉल्व्ह जाड, श्रेडर जातीचा असतो. ट्रकची चाके भरणारे यंत्र समोर धडधडत होते आणि सायकलच्या चाकात चार फुंकर हवा जात नव्हती. मागून येणाऱ्या एका स्वाराकडे योग्य पंप निघाला, तेव्हा चाक भरले. पण तोवर इतका वेळ गेला होता की इंदूरला ती २० तासांची मुदत संपल्यावर पोहोचली. नियमाप्रमाणे ती फेरी धरली गेली नाही. तिच्या पायांत बळ होते, तयारी महिन्यांची होती, आणि सगळे अडले ते दोन मिलिमीटरच्या फरकावर.

हा फरक नीट समजून घेऊ. प्रेस्टा वॉल्व्ह सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा असतो आणि श्रेडर सुमारे ८ मिलिमीटर. रिमलाही त्या मापाचे भोक पाडलेले असते, म्हणून जाड वॉल्व्हची ट्यूब बारीक भोकाच्या रिमला चढत नाही. प्रेस्टाच्या टोकाला एक चिमुकली पितळी चकती असते. ती आधी उलट फिरवून मोकळी करायची, बोटाने टोक किंचित दाबून फुस्स असा आवाज ऐकायचा आणि मगच पंप लावायचा. तिसरा प्रकार आपल्या दूधवाल्याच्या, पेपरवाल्याच्या काळ्या सायकलचा, ज्यात रबराची वॉल्व्ह-ट्यूब घालतात. त्याची रचना आणखी वेगळी. तेव्हा भेट म्हणून पंप, ट्यूब किंवा हवेचा दाब मोजण्याचे यंत्र घेणाऱ्याने प्रथम वॉल्व्हचा फोटो काढावा आणि तो दुकानदाराला दाखवावा.

आणि आता माझी सर्वांत लाडकी भेटवस्तू. प्रेस्टा वॉल्व्हवर फिरवून बसवण्याची एक पितळी टोपी मिळते, तिला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. करंगळीच्या नखाएवढी, आतून बारीक आटे, बाहेरून जाड आटे आणि आत रबराची एक नाजूक कडी. किंमत साधारणतः दोनशे रुपयांच्या आत. ती बसवली की बारीक वॉल्व्ह बाहेरून जाड होतो आणि आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या कोणत्याही पेट्रोलपंपावर, कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या आई-मावश्या जे वाण लुटतात त्याच जातीची ही वस्तू आहे: छोटी, स्वस्त, पण रोजच्या उपयोगाची आणि देणारीची आठवण ठेवणारी. एवढी मात्र सूचना देताना द्यावी की कॉम्प्रेसरची हवा थोडी थोडी, थांबून थांबून भरावी, कारण सायकलच्या ट्यूबेत हवा मावते फार कमी आणि ती क्षणात फुटू शकते.

दुसरी वाचण्याची जागा म्हणजे टायरची कड. तिथे उठावाच्या अक्षरांत २८-६२२ असे काहीतरी लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर ज्यावर बसतो त्या रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हा दुसरा आकडा कधीही फसवत नाही. दुकानात ज्याला ७०० सी म्हणतात आणि ज्याला २९ इंची म्हणतात त्या दोन्हींचा व्यास ६२२ असतो. साडेसत्तावीस इंचीचा ५८४. जुन्या २६ इंची माउंटन सायकलचा ५५९. आणि आपल्या काळ्या २८ इंची सायकलचा ६३५. नावावरून २८ हे २९ पेक्षा लहान वाटते, व्यासाने मात्र ते मोठे आहे! त्याच कडेवर हवेच्या दाबाची मर्यादाही छापलेली असते. एवढे दोन आकडे कागदावर उतरून नेले तर टायर-ट्यूबची भेट चुकणे जवळजवळ अशक्य आहे.

थोडे विषयाच्या उगमाकडे जाऊ, कारण ते मला नेहमी फार हृद्य वाटते. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश संशोधकाने १८४० च्या दशकातच मांडली होती, पण ती रुजली नाही. बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेले रबर लावले, कारण घट्ट चाकांवर पोराला खडबडीत जमिनीचे धक्के बसत होते. १८८८ मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. म्हणजे आज जगभर ज्यावर सायकली धावतात ती वस्तू एका बापाने मुलासाठी केलेली आहे. त्याने मुलाला काय खुपते ते पाहिले. भेट देणाऱ्याने यापेक्षा वेगळे काय करायचे असते?

प्रवाशांच्या बाबतीत हेच लागू पडते, फक्त तिथे मापाऐवजी वजन पाहायचे. थॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून मोठ्या पुढच्या चाकाच्या सायकलवर निघाला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्याच्या हँडलच्या पिशवीत मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक रेनकोट होता. रेनकोटाचाच तो तंबू करी आणि तोच अंथरूण म्हणून वापरी. आपल्याकडे १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर निघाले, त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर पुरे करून १९२८ मध्ये परतले. नर्मदेची परिक्रमा करणारा आपल्या घरचा माणूस आठवा. त्याच्या झोळीत जे नाही त्याचीच यादी मोठी असते. म्हणून प्रवाशाला देताना एका वस्तूने दोन कामे होत असतील तर ती घ्यावी, आणि त्याच्या पाठीवर केवळ आपल्या हौसेचे ओझे घालू नये.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, तेव्हा वचन दिलेली यादी आता झपाट्याने सांगतो.

कमी खर्चात: अ‍ॅडॅप्टर, टायर उतरवण्याचे दोन लिव्हर, पंक्चरचे साहित्य. यातील सोल्युशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आत सुकते, म्हणून दरवर्षी नवी दिली तरी ती वाया जात नाही. ट्यूब पॉलिश पेपरने घासून सोल्युशन लावल्यावर ते थोडे सुकू द्यावे आणि मग ठिगळ दाबावे, हेही सोबत सांगावे. निमाडच्या उन्हात उतरणाऱ्यासाठी ओआरएसची पाकिटे आणि घरचे राजगिऱ्याचे लाडू.

मध्यम खर्चात: ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या एलन की, म्हणजे षटकोनी किल्ल्या, असलेले घडीचे अवजार, चेनची पिन काढण्याची सोय असलेले मिळाल्यास अधिक चांगले, पुढे पांढरा आणि मागे लाल असे चार्जिंगचे दिवे, अंगात घालायचे रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, जे ब्रेव्हेत रात्री सक्तीचेच असते, आणि वाऱ्याला अडवणारे, मुठीत मावणारे विंडचीटर, कारण डिसेंबरच्या पहाटे माळव्यातली थंडी उतारावर हाडांत शिरते.

अधिक खर्चात हेल्मेट द्यावे, पण भुवयांच्या किंचित वरून टेपने डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून. एकदा जोराचा आपटा खाल्लेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला फोम चेपलेला असतो, ते बदललेच पाहिजे. घरात असे हेल्मेट असेल तर या दिवाळीची भेट ठरलीच म्हणून समजा. सीट आणि सायकलचे बूट मात्र परस्पर आणू नयेत. बसण्याच्या हाडांतले अंतर आणि पावलाची ठेवण प्रत्येकाची निराळी असते, तिथे माणसाला दुकानात सोबत न्यावे.

प्रवाशाला पॉवर बँक द्यायची तर २०,००० मिलिअँपिअर-तासांची पुरते. ती सुमारे ७४ वॅट-तास होते, आणि विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची, तीही केवळ हातातल्या सामानात, चालते. अवजारांची पिशवी मात्र विमानतळावर जमा करायच्या मोठ्या सामानात टाकावी. कपाळाला बांधायचा दिवा आणि झटपट वाळणारा पंचा या दोन वस्तू महेश्वरच्या घाटापासून हिमालयापर्यंत सगळीकडे कामी येतात.

ज्याच्याकडे सगळे आहे त्याच्यासाठी त्याच्याच मेकॅनिककडे पावसाळ्यानंतरच्या पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे भरून ठेवावेत. पाताळपाणीच्या चिखलात फिरलेल्या सायकलच्या बेअरिंगमधले ग्रीस धुऊन गेलेले असते आणि ब्रेकच्या केबल गंजायला लागलेल्या असतात. आणि ज्यांना वस्तूऐवजी स्वतःचा दिवस द्यायचा आहे त्यांनी ब्रेव्हेच्या दिवशी गरम चहा, सुके मोजे आणि केळी घेऊन जरूर जावे. फक्त नियमाप्रमाणे मदत नियंत्रण केंद्रावरच, म्हणजे वाटेत स्वाराची नोंद होते त्या ठरलेल्या जागीच, घेता येते, मधल्या रस्त्यात घेतली तर स्वाराची फेरी बाद होऊ शकते, म्हणून केंद्राची जागा आणि वेळ त्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवावी.