फोंड्यापलीकडचा गुरू

नमस्कार मंडळी! पृथ्वी खडकाची आणि गुरू वायूचा, असं का? "जवळच्या ग्रहांवरचा वायू सूर्याच्या उष्णतेने उडून गेला" हे उत्तर आपण सगळ्यांनी कधी ना कधी दिलंय. ते अर्धवट आहे.

[पडद्यावर गोव्याचा नकाशा]

सूर्य ठेवूया पणजीच्या कदंब स्टँडवर. जवळपास ९३ मीटर रुंद, म्हणजे स्टँडवर जागा उरणार नाही, पण चालवून घ्या. पृथ्वी १० किलोमीटरवर, जुन्या गोव्याला. मंगळ बाणस्तारीच्या पुलाजवळ. गुरू ५२ किलोमीटरवर, मोलेच्या थोडा अलीकडे. शनी पार घाट चढून बेळगावच्या वाटेवर.

आता साडेचार अब्ज वर्षं मागे जा. ग्रह नाहीत, नुसती वायू आणि धुळीची फिरती तबकडी. त्यातला सुमारे ९८ टक्के माल हायड्रोजन आणि हेलियम. हे दोन्ही तिथल्या थंडीतही गोठत नाहीत, म्हणून ग्रहाची सुरुवात उरलेल्या दोन टक्क्यांतूनच करायची. स्टँडजवळच्या गरमीत पाण्याची वाफच राहते, घन उरतं फक्त लोखंड आणि खडक. आणि तेही किती? बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ चौघांना एकत्र मळलं तरी जेमतेम दोन पृथ्व्या भरतात!

साधारण फोंड्याच्या आसपास हिमरेषा येते. तिच्यापलीकडे पाण्याचा बर्फ टिकतो आणि गोळा करायला घन माल एकदम वाढतो. तिथे गाभा वाढत वाढत दहाएक पृथ्व्यांएवढा झाला, की त्याचं गुरुत्वाकर्षण आजूबाजूचा वायू ओढायला लागतं. जेवढा वायू येतो तेवढी ओढ वाढते, मग आणखी वायू. असाच गुरू ३१८ पृथ्व्यांएवढा झाला.

फक्त घाई करावी लागते. तबकडीतला वायू ३० लाख ते १ कोटी वर्षांत संपतो. पृथ्वी पूर्ण व्हायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागला, तोवर ओढायला वायूच नव्हता. आणि युरेनस, नेपच्यून? बर्फ मुबलक, पण इतक्या लांब माल विरळ आणि सगळं संथ. नेपच्यूनची एक फेरीच १६५ वर्षांची. गाभा तयार झाला तेव्हा वायू संपत आलेला, वरातीमागून घोडं. वायूचं कवच मिळालं, पण गुरूसारखं घबाड नाही.

मग १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या खगोलशास्त्रज्ञांना दुसऱ्याच एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला, ५१ पेगासी बी. वायूचा राक्षस, पण ताऱ्याभोवतीची फेरी ४.२ दिवसांत. आपल्या नकाशावर स्टँडपासून अर्ध्या किलोमीटरवर! तो जन्मला लांब आणि सरकत आत आला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. एवढ्या भट्टीतही त्याने वायू धरून ठेवलाय, कारण वजन.

हलक्या ग्रहांना ते जमत नाही. पृथ्वीहून मोठे, नेपच्यूनहून लहान असे ग्रह आपल्या सूर्यमालेत नाहीत, पण केपलर दुर्बिणीला इतरत्र ढिगाने सापडले. मजा म्हणजे पृथ्वीच्या दीडपट ते दुप्पट त्रिज्येचे त्यात फार कमी. त्याहून लहान ते बहुतेक उघडे खडक, मोठ्यांवर बहुधा अजून वायूचं जाड पांघरूण.