घोडा कशाला उभा आहे तिथे?

दोन आडव्या रेघांचं हे बरोबरचं चिन्ह बघा. आपण बरोबर म्हणतो, इंग्रजीवाला इक्वल्स म्हणतो, पण रेघा त्याच आणि अर्थही तोच, म्हणजे या चिन्हाला स्वतःचा आवाजच नाहीये. मग अख्खी भाषाच अशी लिहिता आली तर?

हे खूळ डोक्यात घेतलं चार्ल्स ब्लिसने. जन्म १८९७, ऑस्ट्रिया-हंगेरीतला, केमिकल इंजिनिअर, ज्यू म्हणून नाझींनी डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत डांबलं, तिथून सुटला आणि शेवटी शांघायला पोचला. तिथे चिनी अक्षरं शिकताना त्याच्या लक्षात आलं की अरे, आपण ही चिनीत वाचतच नाहीयोत, थेट आपल्याच भाषेत वाचतोय!

इथे जरा थांबू, कारण चिनी लिपी म्हणजे नुसती चित्रं हा गैरसमज फार जुना आहे. 'आई'चं अक्षर बघा. डावीकडे बाई, ठीक आहे, पण उजवीकडे चक्क घोडा. का? तर चिनीत घोड्यालाही मा म्हणतात आणि आईलाही मा, सूर तेवढा वेगळा. घोडा तिथे फक्त उच्चार सांगायला उभा आहे. बहुतेक चिनी अक्षरं अशीच, एक भाग अर्थाचा, एक आवाजाचा.

ब्लिसला आवाज नकोच होता. १९४९ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियात आपली चिन्हं छापली. हृदय म्हणजे भावना, त्याला वर जाणारा बाण जोडला की आनंद, खाली जाणारा जोडला की दुःख. जगाने ढुंकूनही बघितलं नाही.

मग १९७१ मध्ये टोरांटोतल्या एका केंद्रात ती चिन्हं सापडली. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू न शकणारी मुलं बोर्डवर एकेका चिन्हाकडे इशारा करत वाक्यं बनवायला लागली, पहिल्यांदाच स्वतःच्या मनातलं सांगायला लागली. ब्लिस आधी जाम खूश झाला, नंतर तितकाच भडकला, कारण शिक्षिका चिन्हांसोबत इंग्रजी शब्द लिहायच्या आणि त्यावरून मुलांना पुढे इंग्रजी वाचायला न्यायच्या. भांडण वकिलांपर्यंत गेलं.

खरं सांगू, मला शिक्षिकांचं पटतं. ब्लिस हे नावच घ्या ना, त्याने स्वतः बदलून घेतलेलं, मूळ आडनाव ब्लिट्झ. ब्लिस म्हणजे परमानंद. हृदय काढा, वर जाणारा बाण काढा, आनंद लगेच कळेल, पण 'ब्लिस' अशी हाक काही त्यातून ऐकू येत नाही.