पांदणीचा चिखल आणि न्यूटनचा नियम

मंडळी, ऐन पावसाळ्यात पांदणीतून बंडी काढणाऱ्या माणसाला द्रव आणि घन यांच्यातली सीमा किती कच्ची असते हे वेगळे सांगावे लागत नाही. आज त्या सीमेवरच्या पदार्थांविषयी बोलायचे आहे.

न्यूटन यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे गृहीत धरले की, द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना होणारा विरोध सरकण्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर विरोधही दुप्पट. म्हणजे ज्याला आपण श्यानता म्हणतो ते गुणोत्तर ठरावीक तापमानाला कायम राहते. पाणी आणि ग्लिसरीन दोन्ही हा नियम पाळतात. ग्लिसरीन पाण्याहून पुष्कळ घट्ट आहे खरे, पण नुसत्या घट्टपणाने कोणी नियमाबाहेर जात नाही.

या परातीत कॉर्नफ्लोर आणि पाणी आहे, ढोबळमानाने दोन वाट्या पिठाला एक वाटी पाणी. बोट हळूच टेकवले तर ते बुडते. मूठ आपटली तर ती वरच अडते आणि त्या जागी पृष्ठभाग क्षणभर कोरडा, भेगाळलेला दिसतो. हळू ढकलल्यास स्टार्चच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर टिकून राहतो आणि कण एकमेकांना चुकवून सरकतात. झटका बसला की तो थर तुटतो, कण प्रत्यक्ष एकमेकांवर घासतात आणि बलाच्या दिशेने त्यांच्या साखळ्या अडकून बसतात. (घरी करून पाहताना कणीक घेऊ नका, त्यातल्या ग्लुटेनमुळे नुसता गोळा होईल.)

टाळ्या याच प्रयोगाला मिळतात. माझ्या मते मात्र याच्या उलट वागणारे, म्हणजे ढवळल्यावर पातळ होणारे द्रव अधिक महत्त्वाचे आहेत. ऑइल पेंट ब्रशखाली सहज पसरतो आणि हात थांबताच भिंतीवर टिकतो. आपले रक्तही याच जातीचे आहे: प्रवाह मंद असताना तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून चळती करतात, वेग वाढला की त्या चळती सुटतात आणि पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात.

काही पदार्थांत वेगाबरोबर वेळेचाही हिशेब असतो. ते ढवळत राहिल्यास हळूहळू पातळ होतात आणि स्वस्थ ठेवल्यास पुन्हा धरतात. या गुणाला थिक्सोट्रॉपी म्हणतात आणि तो आपल्या वावरातच आहे. आपली काळी माती बेसाल्टच्या झिजेतून बनलेली असून तिच्यात स्मेक्टाइट गटातील खनिजे भरपूर असतात. त्यांचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात. अनुकूल परिस्थितीत एकाची कड दुसऱ्याच्या पृष्ठाला चिकटते आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी पोकळ रचना उभी राहून पाणी तिच्यात कोंडले जाते. ट्रॅक्टरचे चाक जागच्या जागी फिरू लागले की ही रचना मोडते, कोंडलेले पाणी मोकळे होते, आणि चालक जितका रेटतो तितके चाक खाली जाते. रात्रभर उघडीप मिळाली की सकाळी तोच चिखल जरा बसलेला वाटतो. त्यात पाणी निथळण्याचा वाटा असतोच, पण कण पुन्हा जुळल्याचाही असतो.

मातीची रचना मोडल्याने काय होऊ शकते हे नॉर्वेतील रिसा येथे २९ एप्रिल १९७८ रोजी दिसले. एका शेतकऱ्याने गोठ्याच्या वाढीव बांधकामासाठी खणलेली माती तळ्याकाठी टाकली, त्या भाराने काठ खचला आणि पाहता पाहता शेते व घरे द्रव झालेल्या मातीबरोबर वाहून गेली. ती माती मुळात समुद्रात साचलेली होती, आणि जमीन वर आल्यानंतर हजारो वर्षांत तिच्यातले मीठ गोड्या पाण्याने धुऊन गेल्यामुळे कणांची पकड नाजूक झाली होती. आपल्या काळ्या मातीचा इतिहास तसा नाही, त्यामुळे तिच्याबाबत ही धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ती घरांच्या भिंतींना तडे पाडते ते पावसात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून, आणि तो विषय द्रवाच्या वाहण्याचा नसून खनिजाच्या पापुद्र्यांत शिरणाऱ्या पाण्याचा आहे.