बातमीतली बाई: दिसते कोण आणि बोलते कोण?

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत सकाळी मराठी वर्तमानपत्र येते आणि संध्याकाळी कन्नड, मराठी, हिंदी अशा सगळ्याच वाहिन्या आळीपाळीने लागतात. भाषा बदलते, पण बातमीतल्या बाईचे चित्र फारसे बदलत नाही. ती बातमीत केव्हा दिसते, केव्हा बोलते, आणि तिची जात किंवा तिचा वंश यांवर हे किती अवलंबून असते, हा स्त्रीवादी लेखनातला महत्त्वाचा प्रश्न आहे आणि आज मी तोच आपल्यापुढे मांडणार आहे.

वर्तमानपत्राने रंगवलेल्या बाईच्या चित्राला मराठीत थेट उत्तर दिले ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली आणि पुढे अपिलात ती कमी झाली. या प्रकरणाचे निमित्त करून ‘पुणेवैभव’ या पत्राने स्त्रीजातीलाच दूषणे दिली. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध करून विचारले, की जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय? पुनर्विवाहाची बंदी पुरुषाला नाही, मग तिची फळे मात्र एकट्या बाईने का भोगावीत? या पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही, आणि हेही शेवटी १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापल्यानंतरच अभ्यासकांच्या हाती नीट आले. एखादी बाई बोलते, तिच्यावर गदारोळ होतो आणि मग तिचे बोलणे जवळजवळ शतकभर दृष्टीआड राहते, याची मला खरोखर खंत वाटते.

ताराबाईंच्याही आधी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतील मातंग विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर धड छप्परही नसते, हे तिने त्यात लिहिले. प्रसूतीचे हाल बाई म्हणून आणि छपराविना राहणे जातीमुळे, ही दोन्ही दुःखे तिने वेगळी काढली नाहीत, कारण प्रत्यक्षात ती वेगळी नव्हतीच.

हीच गोष्ट अमेरिकेत वंशाच्या संदर्भात पुढे आली. पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सवर भेदभावाचा दावा लावला होता. १९७६ मध्ये न्यायालयाने वंशाची आणि लिंगाची तक्रार एकत्र जोडून पाहण्यास नकार दिला. कंपनीने स्त्रियांना कामावर घेतले होतेच, असे त्याचे म्हणणे होते, पण सुरुवातीला कंपनीने घेतलेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये या निकालाची चिकित्सा करून दाखवले, की दोन बाजूंनी होणारा अन्याय एकेका बाजूने तपासला तर तो दिसतच नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेची छायाचित्रे आली, की त्यांत भंडारा, जट आणि गर्दी असते. मुली देवाला सोडण्याच्या या देवदासी प्रथेवर कर्नाटकाने १९८२ मध्येच प्रतिबंधक कायदा केला होता. ज्यांना देवाला सोडले गेले, त्यांतील बहुसंख्य दलित कुटुंबांतल्या होत्या. म्हणून देवदासीची बातमी केवळ ‘अंधश्रद्धा’ या मथळ्याखाली देणे मला अपुरे वाटते. तिच्याशी संबंध ठेवणारा पुरुष त्या छायाचित्रात नसतो, आणि तिच्या मुलांच्या शाळेचा किंवा निवृत्तिवेतनाचा प्रश्न तिला क्वचितच विचारला जातो.

याउलट निपाणीचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तंबाखूच्या भावाची बातमी आपल्याकडे शेतकरी आणि व्यापारी यांच्या तोंडून येते. वखारीत दिवसभर तंबाखूच्या धुळीत राबणारी बाई त्या बातमीत नसते. याच बायका संघटित झाल्या तेव्हा, १९८२ मध्ये, दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘युगांतर’ या स्त्रीवादी चित्रपट गटाने निपाणीत ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट तयार केला. कामाची परिस्थिती, मजुरी आणि संप यांविषयी तिथे कामगार बायकाच बोलतात. आपल्याच तालुक्यातील हा माहितीपट सीमाभागातल्या प्रत्येक महाविद्यालयात दाखवला जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बातम्यांची मोजणीही जगभर होत असते. दर पाच वर्षांनी एका दिवसाच्या बातम्या तपासणाऱ्या जागतिक पाहणीत, १९९५ साली बातमीत दिसणाऱ्या किंवा बोलणाऱ्या व्यक्तींपैकी १७ टक्के स्त्रिया होत्या आणि २०२० साली २५ टक्के. त्या २५ टक्क्यांत कोणत्या स्त्रिया आहेत, हे मात्र या एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून ही नोंद आपण आपल्या वर्तमानपत्राच्या बेळगाव पानावर आठवडाभर करून पाहावी, अशी माझी विनंती आहे: कोणत्या बाईचे फक्त छायाचित्र आले, कोणाचे बोलणे तिच्या नावासह छापले गेले, ती तज्ज्ञ म्हणून बोलली की पीडित म्हणून, आणि ती वखारीतली, शेतातली की कार्यालयातली. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत मात्र नाव नसणे हीच योग्य गोष्ट आहे, कारण पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा ठरते. त्या नोंदी वेगळ्या रकान्यात ठेवाव्यात.